हवेची वही

जहाजकाकांनी कधीही कोणाला खेळाचे नियम सांगितले नाहीत. नवा माणूस दारात आला की ते म्हणायचे, "बन्नी, या, बसा," आणि लाल पाठीची एक लांबट वही त्याच्यासमोर सरकवायचे. "जहाजात हवा किती उरली, ते तुम्ही बघायचं. अष्टे, एवढंच." हे सांगून ते आपल्या गोष्टीकडे वळायचे. नवा माणूस वही धरून इकडेतिकडे बघत बसायचा. पण पाच मिनिटांत कोणीतरी त्याच्याकडे वळून विचारायचंच, "हवा किती?" आणि तो उत्तर द्यायचा. उत्तर दिलं की तो जहाजात चढलेला असायचा.

खेळ असा होता. मैसूरच्या सरस्वतीपुरममधल्या काकांच्या घरी, पुढच्या खोलीत, दर रविवारी सकाळी साडेदहाला आम्ही एका मोठ्या टेबलाभोवती बसायचो. 'कपिला' नावाचं एक अवकाशयान. त्यात तीनशे माणसं काचेच्या पेट्यांमध्ये झोपलेली आणि निदान पाच जण जागे. जागे ते आम्ही. काय दिसतंय, काय बिघडलंय, हे काका सांगायचे. आपण काय करणार, ते आम्ही सांगायचं. जमलं की नाही, ते दोन फासे ठरवायचे. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. फक्त पोचायचं असतं. माझ्या नवऱ्याला हे आजतागायत पटलेलं नाही. "मग तुम्ही तीन तास तिथे करता काय?" असं तो अजूनही विचारतो.

काका नीरावरी खात्यात, म्हणजे आपल्या पाटबंधाऱ्यात, नोकरीला होते. एच. डी. कोटेच्या बाजूला धरणावर रोज पाण्याची पातळी मोजून वहीत लिहायची, हे त्यांचं काम. तिथून बदली होऊन जाताना एक इंजिनियर या खेळाचं खोकं मागे सोडून गेला. काकांनी त्यातलं इंग्रजी पुस्तक डिक्शनरी घेऊन वाचलं, निम्मे नियम काढून टाकले, आणि धरणावरच्या वहीसारखी वही जहाजात आणली. "पाणी मोजणाऱ्याला सगळे विचारतात की," ते म्हणायचे. "कलेक्टर असू दे, शेतकरी असू दे, अल्वा, खरं ना? नव्या माणसाला समजावू नका. त्याला विचारा." त्यांचं घराणं चार पिढ्या मैसूरचं. मराठीत कन्नड कुठे सुरू व्हायचं, त्यांचं त्यांनाही कळायचं नाही.

घरात ते आणि त्यांची मोठी बहीण, दोघंच. तिला आम्हीही अक्काच म्हणायचो. अक्का खेळात कधी बसली नाही, पण कॉफीचे पेले मोजून आणायची आणि एक पेला नेहमी जास्त असायचा. टेबलाशी खुर्चीही एक जास्त. "ह्याचं जहाज कधी पोचायचं नाही बघा," पेले ठेवता ठेवता ती म्हणायची. "बत्तीस वर्षं पाणी मोजलं, आता वारा मोजतोय." काका त्यावर फक्त, "अक्का, स्वल्प साखर," एवढंच म्हणायचे.

मी त्या जास्तीच्या खुर्चीवर बसले ती नवऱ्याच्या बदलीमुळे. नाशिकची एकोणीस वर्षांची नोकरी सोडून मैसूरला आले होते. मुलगी होस्टेलला. नव्या गावात मला कोणी काही विचारत नव्हतं. मी याद्या करणारी बाई. त्या वर्षी यादीत लिहायला काही उरलं नाही, तर मी घराबाहेर पडताना गॅसचं बटण तीनदा, कुलूप चारदा बघायला लागले. शेजारच्या पल्लवीने एका रविवारी जवळजवळ ओढतच मला काकांकडे नेलं. काकांनी वही सरकवली. मी पहिल्या पानापासून बेरजा तपासल्या आणि तीन चुका काढल्या. काका खूश होऊन म्हणाले, "आयतु, झालं! आता श्वास घ्यायला हरकत नाही."

ती वही मी चार वर्षं धरून होते.

वाईट काम केलं नाही. दुसऱ्या महिन्यात मी वहीतले आकडे घरी टॅबलेटवर घातले. मग टॅबलेट टेबलाच्या मधोमध उभा करायला लागले, म्हणजे हवा किती ते सगळ्यांना सतत दिसेल आणि विचारण्यात वेळ जाणार नाही. हवा संपत आली की आकडा लाल व्हायचा. पल्लवीचा नवरा संतोष सॉफ्टवेअरवाला, त्याने माझं कौतुक केलं. मूर्तीसर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, त्यांनीही केलं. काकांनी टॅबलेटकडे पाहिलं, चष्मा पुसला, आणि गोष्ट पुढे सुरू केली.

पुढे माणसं गळत गेली. एकाची बदली हैदराबादला, एकीला बाळ झालं, एकजण परदेशी. मूर्तीसर, संतोष, पल्लवी आणि मी, असे चौघे उरलो. काकांचा एक नियम मात्र पक्का होता: जहाज उतरवायला पाच जागी पाच माणसं पाहिजेतच.

नवे लोक आणायचं काम साहजिकच मी घेतलं. पोस्टर केलं. वाचनालयात, दोन कॉलेजांत, मराठी मंडळाच्या फळ्यावर लावलं. आठ पानांची माहितीपुस्तिका काढली. फोनवर भरायचा फॉर्म ठेवला. शुक्रवारी एक आठवण, शनिवारी संध्याकाळी दुसरी. येणाऱ्याला आधी पंधरा मिनिटं मी सगळं समजावून सांगायची. लोक यायचे. दोन वर्षांत अकरा जण आले. कॉफी प्यायचे, हसून निरोप घ्यायचे, आणि परत यायचे नाहीत. प्रत्येकाचं नाव माझ्या यादीत होतं, पुढे तारीख आणि एक छोटी फुली.

मग काकांचा आवाज बसायला लागला. आधी आम्हाला वाटलं, सर्दी. ते गरम पाण्याचा थर्मास घेऊन बसायचे. श्रावणात डॉक्टरांनी सांगितलं की घशात गाठ आहे, काढावी लागेल, आणि नंतर आवाज राहीलच असं नाही. दसऱ्याची गर्दी आटोपली की ऑपरेशन. ही बातमी काकांनी आम्हाला खेळ संपल्यावर, फासे डबीत भरता भरता दिली. म्हणाले, "आठ रविवार आहेत. कपिला उतरवूया म्हणतो."

"पाचवा माणूस नाही," मी म्हटलं.

"येईल की."

"काका, नियम तुम्हीच केलाय. चार करा ना."

"नियम बदलून पोचलो, तर पोचलो असं कसं म्हणायचं हो बाई?"

संतोष म्हणाला, "माझ्या चुलतभावाला बसवतो. नुसता बसेल फोन बघत."

"बसवलेला नको. बसलेला पाहिजे."

सगळ्यांनी अक्काकडे पाहिलं. "माझ्याकडे बघू नका," अक्का म्हणाली. "मी गॅसवरचं दूध बघते, तेवढं पुरे."

त्या रात्री मला झोप लागली नाही. आठ रविवार, त्यातला एक ऐन दसऱ्यातला, म्हणजे सात. ज्या माणसाने आयुष्यभर जपलेली गोष्ट आवाजाने सांगितली, त्याचा आवाज जायच्या आत ती संपवायची होती, आणि ती अडली होती माझ्या खात्यातल्या एका कामावर. सकाळी उठून मी नवं पोस्टर केलं, अक्षरं मोठी केली. तो रविवार तसाच गेला. दोन मुलं आली, दोघंही अर्ध्यात उठली. पुढच्या रविवारी कोणीच आलं नाही. काका शब्द मोजून वापरायला लागले होते, आणि जास्तीच्या पेल्यातली कॉफी निवत होती.

नोकरीत असताना माणूस सोडून गेला की आम्ही त्याला कारण विचारायचो. तेच करायचं ठरवलं. त्या दोन मुलांसकट तेरा जणांना एकेक करून फोन लावले. बहुतेकांनी वेळ नाही, लांब पडतं, अशी उत्तरं दिली. सातवं नाव भारतीचं होतं. एका लॅबमध्ये रक्त तपासायची. जुन्या मैसूरच्या मराठी घरातली, मराठी बोलताना शब्द शोधत बोलायची.

"मॅडम, खरं सांगू काय? बेजार करून घेऊ नका."

"नाही घेत. सांग."

"तुमच्याकडे सगळं झालेलं होतं. मला करायला काहीच नव्हतं. सुम्ने, नुसती बसून होते तीन तास. कोणी मला एक पण प्रश्न विचारला नाही. तुम्ही ते पुस्तक दिलं, फार छान होतं. पण पुस्तक वाचून मी काय करू?"

मी फोन ठेवला. टॅबलेट चार्जिंगला लावलेला होता. त्यावर हवेचा आकडा हिरवा दिसत होता.

मी त्याच संध्याकाळी वही पिशवीत घालून काकांकडे गेले. ते ओसरीवर बसले होते. वही त्यांच्यापुढे ठेवली. म्हटलं, "ही नव्या माणसाची वही होती. चार वर्षं मी दाबून बसले. तेरा माणसं माझ्यामुळे गेली. तुम्ही एकदा तरी बोलायचं होतं."

काकांनी वहीची लाल पाठ अंगठ्याने पुसली.

"तुम्ही पहिल्यांदा आलात ना, तेव्हा तुमचा हात असा व्हायचा." त्यांनी बोटं थरथरवून दाखवली. "कॉफी बशीत सांडायची. वही हातात आली की हात थांबायचा. मी बघत होतो. दर रविवारी वाटायचं, आता मागावी. मग वाटायचं, अजून एक महिना राहू दे."

"आणि जहाज?"

"जहाज थांबतं की. धरणावर मी बत्तीस वर्षं बघितलं. पाणी थांबतं. माणसाचं तसं नाही."

आतून अक्काने विचारलं, "कॉफी दोन की तीन?"

"दोन," काका म्हणाले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हात बघू." मी हात पुढे केला. थरथरत नव्हता. अगदी खरं सांगायचं, तर जरासा थरथरत होता. पण त्यांनी मान हलवली, "आयतु," म्हणाले, आणि वही आपल्या मांडीवर घेतली.

भारतीला मी दुसरा फोन केला तेव्हा काही समजावलं नाही. फक्त विचारलं, "रविवारी हवा बघायला येशील?" ती म्हणाली, "म्हणजे काय करायचं?" मी म्हटलं, "मला सांगायची परवानगी नाही." ती आली. बहुतेक कुतूहलानेच. टॅबलेट मी घरी ठेवला होता. मला काकांनी इंजिनाच्या खुर्चीवर बसवलं. इंजिनातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, आणि त्यामुळे मी दर दोन मिनिटांनी भारतीकडे वळून विचारत होते, "इंजिन चालवलं तर हवा किती लागेल?" ती घाईघाईने पानं उलटायची आणि सांगायची. दुसऱ्या रविवारी ती सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. मूर्तीसर मार्गाबद्दल बोलायला लागले तर ती म्हणाली, "सर, थांबा, आधी मला विचारा."

तिसऱ्या रविवारी तिने चूक केली. वजाबाकीत हातचा राहिला. एकतीस दिवसांच्या जागी एकेचाळीस लिहिलं. मी समोर बसले होते, मला आकडा उलटा दिसत होता, तरी दिसला. मूर्तीसरांनी विचारलं, "हवा किती?"

"एकेचाळीस दिवस."

"मग अडतीस दिवसांचा मार्ग घेऊ. खडक टळतील."

माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. मी दोन्ही हात मांडीखाली घालून त्यावर बसले. काकांकडे पाहिलं. त्यांनाही चूक दिसली होती. वहीवरचा आकडा ते नेहमी उलटाच वाचायचे. त्यांनी माझ्याकडे पाहून नकारार्थी मान हलवली, इतकी थोडी की दुसऱ्या कोणाला दिसली नसती. जहाज लांबच्या मार्गाला लागलं. घरी आल्यावर मी स्वयंपाकघरातला ओटा दोनदा पुसला. तीनशे माणसं पेट्यांमध्ये झोपली होती. ती खरी नव्हती, हे मला माहीत होतं. काकांचे रविवार खरे होते. आता दोनच उरले होते, आणि भारतीला चूक सापडलीच नाही, तर कपिला हवेविना वाटेतच संपणार होती.

पुढच्या रविवारी खेळ सुरू होऊन अर्धा तास झाला असेल. भारती एकदम बोलायची थांबली. बोटाने मागचं पान, मग पुढचं पान. तिचा चेहरा उतरला.

"हे चुकलंय. माझं चुकलंय. दहा दिवस कमी आहेत."

पल्लवी म्हणाली, "म्हणजे आपण मेलो?"

"अजून नाही," काका म्हणाले. आवाज आता नुसती हवाच होती. "आता काय करता, सांगा."

आणि मग त्या खोलीत जे झालं, ते मी चार वर्षांत बघितलं नव्हतं. सगळे एकाच वेळी बोलायला लागले. मूर्तीसर उभे राहिले. संतोष म्हणाला, अर्धं जहाज बंद करा. पल्लवी म्हणाली, पेट्या तोडाल तर याद राखा. "तू गप," संतोष तिच्यावर ओरडला, "तुला इंजिन बंद करता येत नाही." "आणि तुला येतं? मागच्या वेळी कोणी पेटवलं होतं?" मी चक्क टेबलावर हात आपटला. कन्नड, मराठी, इंग्रजी, सगळं एकदम. भारतीच शेवटी म्हणाली, "रिकाम्या पेट्या किती आहेत?" काकांनी दोन बोटं दाखवली. "मग दोघं झोपू दे, तिघं जागू दे. पाळी पाळीने. उतरायच्या आधी सगळ्यांना उठवू. मी झोपणार नाही. चूक माझी आहे, मी बघते." तिने तिथल्या तिथे गणित केलं, आणि या वेळी तीनदा तपासलं. पुरत होतं. कसंबसं, पण पुरत होतं.

कॉफीचे पेले नेताना अक्का मला हळूच म्हणाली, "आज तो किती कमी बोलला, बघितलंत?" मी पाहिलं नव्हतं. तीन तासांत काका जेमतेम दहा वाक्यं बोलले असतील. बाकी सगळं आम्हीच बोललो होतो.

ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी कपिला उतरली. पाच जागी पाच माणसं होती. शेवटचे फासे भारतीने टाकले, आणि तेव्हा अक्का दूध गॅसवर सोडून दारात येऊन उभी राहिली होती. उतू गेल्याचा वास आला तरी हलली नाही. फासे थांबले. काकांनी ते वाचले, डोळे मिटले, उघडले.

"दार उघडलं," ते म्हणाले. आम्हाला पुढे झुकून ऐकावं लागत होतं. "बाहेर नदी आहे. काठावर कोणी नाही." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. भारतीकडे नाही, माझ्याकडे. "पाणी किती आहे, बघा."

त्यांच्या आवाजातला मला विचारलेला तो शेवटचा प्रश्न. मी काय उत्तर दिलं, आठवत नाही. काहीतरी आकडा सांगितला असणार.

गाठ निघाली, आवाज गेला. काका दोन महिने कोणाला भेटले नाहीत. त्यांची गोष्ट पुढे भारती सांगायला लागली, तिच्या अडखळत्या मराठीत, नदीकाठच्या नव्या वस्तीची. एका रविवारी ती बोलत असताना काका आतल्या खोलीतून आले. गळ्याला मफलर, खिशात चिठ्ठ्यांचं पॅड. त्यांच्या नेहमीच्या जागी भारती बसली होती. ती उठायला लागली तर त्यांनी हातानेच तिला बसवलं. टेबलाला वळसा घालून ते गेले आणि त्या जास्तीच्या खुर्चीवर बसले. भारतीने क्षणभर आमच्याकडे पाहिलं, मग लाल पाठीची वही त्यांच्यासमोर सरकवली. "काका, वस्तीत हवा किती आहे ते तुम्ही बघायचं," ती म्हणाली. "अष्टे."

आता काका नाहीत. अक्का धारवाडला भाच्याकडे असते. आम्ही मूर्तीसरांच्या गच्चीवर जमतो. सध्या नऊ जण आहोत, आणि पोस्टर मी कधीच काढून टाकलं. वहीत काकांच्या अक्षरातली पानं फक्त तीन आहेत, तीन रविवारांची. मी ती मोजली आहेत, कारण माझी चार वर्षांची पानंही मी मोजली होती.

काकांच्या हाती वही आली, त्यानंतरच्या चौथ्या रविवारी पिरियापट्टणची एक शिक्षिका दारात येऊन उभी राहिली. आत यावं की नाही, अशी चप्पल अर्धी काढून. आम्ही कोणी काही बोलायच्या आत काकांनी खुर्ची सोडली, तिला खुणेने बसवलं आणि वही तिच्यासमोर ठेवली. तिने घाबरून विचारलं, "आणि तुम्ही?" काकांनी खिशातून पॅड काढलं, शांतपणे लिहिलं, आणि चिठ्ठी तिच्यापुढे धरली. तिने ती मोठ्याने वाचली.

"मी आता जुना झालो. तुम्ही सांगा, हवा किती?"